विज्ञान प्रदर्शनाचा प्रोजेक्ट: आधी मोजा, मग जोडा

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची बेल वाजायला लागते. दारात एखादी आई, तिच्यामागे सातवी-आठवीतलं पोर, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय. काहीतरी चालणारं सुचवा ना." मी इथल्या एका शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये २६ वर्षं सहायक होते. मुलांची टेबलं लावणं, वायरी जुळवणं, ऐन वेळी बंद पडलेलं मॉडेल खाली वाकून चालू करणं, हेच काम. आठ दिवसांत मी त्या आईला मॉडेल देऊ शकते. प्रोजेक्ट नाही देता येत. तो मुलाचा मुलालाच उभा करावा लागतो आणि त्याला महिने लागतात. ज्यांच्या हातात अजून वेळ आहे अशा आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. जवळ बसवून मुलांनाही वाचून दाखवा.

सुरुवात जून-जुलैमध्ये करा. बडोद्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. नवरात्राच्या नऊ रात्री मुलं गरब्यात असतात आणि सकाळी शाळेत पेंगतात, त्याच्या आगेमागे परीक्षा, मग दिवाळी. दिवाळीनंतर हातात राहतात ते जेमतेम काही आठवडे, आणि ते दुरुस्तीसाठी ठेवायचे असतात.

कुठल्या स्पर्धेत जायचं हे शाळेला आधी विचारा, कारण प्रत्येकीची रीत वेगळी. आपल्याकडचं गणित-विज्ञान प्रदर्शन शाळेतून वर चढत जातं: माध्यमिक शाळांचं आधी संकुलाच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, मग जिल्ह्याला. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर मानक' योजना आहे, तिच्यात मॉडेल नंतर येतं. आधी फक्त कल्पना पाठवायची. ती शाळेमार्फत ऑनलाइन जाते, निवड झाली तर मॉडेल बनवायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. काही शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहे. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून या लॅब सुरू झाल्या. तुमच्या शाळेत असेल तर सोल्डरिंग आयर्न (वायरींना डाग देऊन जोडायचं तापतं हत्यार), थ्रीडी प्रिंटर, सेन्सर विकत घेण्याआधी तिथे जाऊन बघा. पुष्कळदा सामान कपाटात नवंकोरं पडून असतं, आणि चावी मागणारं पोर भेटलं की लॅबच्या सरांना आनंदच होतो.

विषय मात्र यूट्यूबवर शोधू नका. घरात शोधा. मुलाच्या हातात एक वही द्या आणि आठवडाभर घरात, शाळेत, सोसायटीत जिथे कोणी वैतागलं, ते लिहायला सांगा. आजीला गॅसचं बटण नीट बंद झालंय का ते दिसत नाही. वॉचमनला मोटार बंद करायची आठवण राहत नाही आणि टाकी वाहते. शाळेचा नळ गळतो. या नळाचंच घ्या. सेकंदाला एक थेंब पडतो असं धरलं तर दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे चार लिटरांहून जास्त पाणी एका नळातून जातं. हे गणित सातवीतलं पोर करू शकतं, आणि खाली ग्लास ठेवून तासाभरात खरं-खोटंही करू शकतं. इथून जो प्रोजेक्ट निघेल त्याला पाया असेल.

आणखी एक गोष्ट पालकांच्या मनातून काढायची आहे. टेक्नॉलॉजी म्हणजे आर्डुइनोच (प्रोग्रॅम घालून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) पाहिजे असं नाही. एका मुलाने हात थरथरणाऱ्या आजोबांसाठी चहाच्या कपाला जड बूड आणि दोन कान लावलेला स्टँड केला होता. त्यात एकही वायर नव्हती. कप किती कलला की सांडतो हे त्याने कोनमापकाने मोजलं होतं, आधी आणि नंतर. २६ वर्षांतल्या माझ्या आवडत्या पाच प्रोजेक्टांत तो आहे.

आता माझ्या भाचीचा प्रोजेक्ट जरा सविस्तर सांगते, कारण पायऱ्या त्यातूनच कळतील.

ती विश्वामित्री नदीच्या बाजूच्या एका सोसायटीत राहते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ती जेमतेम तिसरीत होती. त्यातलं तिला फक्त नदीतल्या मगरींबद्दलचं बोलणं आठवतं. पण ऑगस्ट २०२४ चा पूर तिने नीट पाहिला. दिवसभर सगळे फोनवर आजवा तलावाची लेव्हल आणि विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलाची लेव्हल बघत होते, आणि पाणी मात्र रात्री तीन वाजता न सांगता पार्किंगमध्ये आलं. तळमजल्यावरच्या तिच्या आजीने पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यातच. धान्याचे डबे गेले, फ्रिज गेला. पुढच्या वर्षी नववीत प्रदर्शनाची गोष्ट निघाली तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, पुलावर किती पाणी आहे ते सगळ्या गावाला कळतं. आमच्या फाटकात किती आहे ते आजीला का कळू नये?"

प्रश्न इतका चांगला होता की मी लगेच काहीच सांगितलं नाही. सेन्सर, बझर, आर्डुइनो हे शब्द मी महिनाभर तोंडातून काढले नाहीत. आधी टेप दिली. पार्किंगची फरशी ते आजीचा उंबरा किती? ४० सेंटिमीटर. स्कूटरचा सायलेन्सर किती उंचीवर? फाटकाजवळची जमीन पार्किंगपेक्षा खोल की उंच? त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, गवंडी करतात तसं. मग वॉचमनकाका आणि चार शेजारी यांना विचारलं: पाणी फाटकापासून तिसऱ्या पायरीपर्यंत यायला किती वेळ लागला? कोणी वीस मिनिटं म्हणालं, कोणी तास. तिने सगळं नावागणिक लिहून ठेवलं आणि त्यातला कमीत कमी वेळ धरला. इशारा द्यायचा तर सगळ्यात वाईट रात्र धरूनच द्यायचा.

या महिन्यात विकत काहीच आणलं नव्हतं. तरी प्रोजेक्टचा अर्धा भाग झाला होता, कारण आता तिला ठाऊक होतं की बझर किती सेंटिमीटरला वाजला पाहिजे. तिने १५ ठरवले. सायलेन्सरच्या खाली, आणि आजीला उठून वर जायला वेळ राहील इतके.

मग दोन उपाय समोरासमोर बनवायला लावले. माझा हा आग्रह असतो. एकच उपाय केला की मूल त्याच्या प्रेमात पडतं आणि त्यातली खोट बघायला तयार होत नाही.

पहिला उपाय अगदी स्वस्त. पीव्हीसीचा पाइप उभा लावायचा, त्यात झाकण घट्ट लावलेली लहान प्लास्टिकची बाटली तरंगत ठेवायची, बाटलीवर चुंबक चिकटवायचं आणि पाइपला बाहेरून १५ सेंटिमीटरवर रीड स्विच. हा काचेच्या नळीतला स्विच चुंबक जवळ आलं की आपोआप जोडला जातो. पाणी चढलं, बाटली चढली, बझर वाजला. यात प्रोग्रॅम नाही की स्क्रीन नाही.

दुसरा उपाय अल्ट्रासॉनिक सेन्सरचा. एचसी-एसआर०४ नावाचा, दोन डोळ्यांसारखा दिसणारा, शंभरएक रुपयांत मिळणारा. एका डोळ्यातून तो ४० किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, पाण्यावर आपटून तो परत येतो आणि दुसरा डोळा ऐकतो. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून आर्डुइनो अंतर काढतो. छतापासून पाण्यापर्यंतचं अंतर कमी झालं म्हणजे पाणी चढलं.

इथेच पोरगी पहिल्यांदा रडकुंडीला आली. मे महिन्यात गच्चीवर, टाकीच्या सावलीत, टेपने बरोबर २०० सेंटिमीटर मोजून तिने सेन्सर बांधला. सकाळी सहाला स्क्रीनवर १९७. दुपारी तीनला १९२. "मावशी, सेन्सर खराब आलाय." दुकानात जाऊन बदलून आणला. नवाही तेच दाखवायला लागला. मी तिला म्हटलं, सेन्सरच्या जवळ थर्मामीटर लाव आणि दोन दिवस दर तीन तासांनी दोन्ही आकडे लिही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन ती पळतच आली. सकाळी २८ अंश, दुपारी ४२. पारा चढला की आकडा उतरत होता, अगदी पायरी-पायरीने.

कारण असं की इंटरनेटवरून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला होता. तो वेग २० अंशांना खरा असतो. हवा तापली की दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे ४२ अंशांना ३५७ च्या आसपास जातो. आवाज लवकर परत येतो आणि आर्डुइनोला वाटतं पाणी जवळ आलं. दोन मीटरांत आठ सेंटिमीटरची चूक! १५ सेंटिमीटरला बझर वाजवायचा असताना. मग तिने तापमानाचा एक सेन्सर जोडला, प्रोग्रॅममध्ये वेगाचं सूत्र स्वतः घातलं, आणि पुन्हा दोन दिवस तीच मोजणी केली. फरक एका सेंटिमीटरवर आला. हे दोन तक्ते, आधीचा आणि नंतरचा, तिच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ठरले. दुकानदाराने सेन्सर बदलून दिल्यावर ती तिथेच थांबली असती तर हे तिला कधी कळलं नसतं.

बाकीच्या चाचण्या २०० लिटरच्या पिंपात केल्या. बादलीने पाणी ओतायचं, पट्टीने मोजायचं, सेन्सरचं वाचन लिहायचं. इथे एक गोष्ट मुलांना जरूर शिकवा: एकदाच वाचून विश्वास ठेवायचा नाही, पाचदा वाचायचं. आणि पाचांची सरासरी न काढता त्यांना क्रमाने लावून मधलं घ्यायचं. तिच्या वहीत एकदा ८४, ८४, ८५, ८४ आणि अचानक ३१२ आलं. सरासरी काढली तर जवळजवळ १३०, जे कुठेच नव्हतं. मधलं घेतलं तर ८४. तो ३१२ कुठून आला? हलणाऱ्या पाण्यावरून आवाज तिरका गेला होता. सेन्सर भिंतीला चिकटून लावला तरी असंच होतं, कारण आवाज सरळ रेघेत जात नाही, शंकूसारखा पसरतो आणि वाटेत येणाऱ्या स्कूटरचं हँडलही मोजून टाकतो.

पाइप-बाटलीचा उपाय उन्हाने हलला नाही. पण एका पावसात पाइपमध्ये प्लास्टिकची पिशवी आणि पानं अडकली आणि बाटली वर आलीच नाही. मग तळाला जाळी बसवली. शेवटी तिने दोन्ही ठेवले: कोणताही एक वाजला की बझर. परीक्षकांनी विचारलं, "दोन कशाला?" तिच्याकडे उत्तर तयार होतं, कारण दोघांची खोट तिने स्वतः पाहिली होती.

ही सगळी नोंद एकाच वहीत पाहिजे, तारखेसकट, खाडाखोडीसकट. पालक फार वेळा ती वही शेवटच्या रात्री सुंदर अक्षरात उतरवून घेतात. कृपा करून असं करू नका. डाग पडलेली, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली वही परीक्षक हातात घेऊन उलगडून बघतो. फेअर केलेली वही तो उघडून लगेच मिटतो. मी हे टेबलाच्या मागे उभी राहून वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आता विजेबद्दल, कारण प्रदर्शनाच्या दिवशी दहातली सात मॉडेलं इथेच आडवी होतात. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर मोटार चालवू नका. व्होल्ट दिसायला पुष्कळ असले तरी तिच्यातून करंट फार निघत नाही, मोटार जोडली की ती अर्ध्या तासात मान टाकते. पॉवर बँकेचं दुखणं वेगळं. आपलं मॉडेल फार थोडा करंट घेतं, आणि पुष्कळ पॉवर बँका त्याला फोन चार्ज झाला असं समजून स्वतःच बंद होतात. एका वर्षी एका मुलीचं सुंदर मॉडेल परीक्षक समोर येण्याच्या दोन मिनिटं आधी असंच झोपलं. कोणाला काही कळेना, ती बिचारी वायरी हलवत राहिली. तेव्हापासून मी सांगते: ज्या पॉवर बँकेवर दाखवायचं आहे, तिच्यावर घरी सलग दोन तास चालवून बघा. नाहीतर मोबाइलचा चांगला चार्जर आणा आणि स्वतःची एक्स्टेन्शन कॉर्डही आणा, कारण हॉलमध्ये टेबलं पन्नास आणि प्लग दहा असतात.

ब्रेडबोर्डवर (डाग न देता वायरी खोचायच्या भोकांच्या पट्टीवर) खोचलेल्या वायरी रिक्षात हमखास सुटतात. सर्किट पक्कं झालं की सोल्डर करून घ्या. सोल्डरिंग मोठ्या माणसासमोर, खिडकी उघडी ठेवून, आणि नंतर साबणाने हात धुऊन. सोबतच्या डब्यात चिकटपट्टी, जादा वायरी, एक जादा सेन्सर, मल्टिमीटर आणि डिसमिस ठेवा. डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, पण बडोद्यात दुसरा शब्द वापरला तर दुकानदार दोनदा विचारतो. शेतीचा प्रोजेक्ट असेल तर मातीतला ओल मोजणारा दोन खिळ्यांचा स्वस्त सेन्सर टाळा. त्यातून सतत करंट गेला की खिळे गंजतात आणि थोड्याच दिवसांत आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, त्यातला धातू मातीला लागत नाही.

सजावटीवर फार बोलत नाही. थर्माकोलचं गाव, चमकीचा कागद, हिरवं गवत यात एक रविवार जातो आणि कोणी विचारत नाही. चार्टवर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात असाव्यात: प्रश्न, मोजलेला तक्ता, मॉडेलचं रेखाचित्र. तेवढं पुरे.

बोलण्यावर मात्र वेळ द्या. पाठांतर करून घेऊ नका. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत आधी समजावून सांगू दे. माझ्या भाचीने आजीला मराठीत सांगितलं, मैत्रिणीला गुजरातीत, आणि मग शाळेत इंग्रजीत. आजीने मध्येच विचारलं, "लाइट गेली तर?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. पूर आला की लाइट जातेच! त्याच आठवड्यात मॉडेलला बॅटरी बसवली. याच गावात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं आणि प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे तंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवण्याचा आग्रह धरला. माझे आजोबा त्याच कलाभवनात लेथ चालवायला शिकले आणि जन्मभर 'थ्रेड'ला 'आटा'च म्हणत राहिले. मुलाला इंग्रजी शब्द आला नाही तर ते अडता कामा नये. परीक्षक इथलेच असतात, त्यांना कळतं.

परीक्षक फिरून फिरून तेच विचारतात. हा विषय तुला कुठे सापडला? यातलं तू स्वतः काय केलंस आणि मदत कोणाची घेतलीस? हे कधी फसतं? तिसऱ्या प्रश्नाला "कधीच नाही" असं म्हणणारं मूल तिथेच गुण घालवतं. आणि दुसऱ्याचं उत्तर खरं द्यायला शिकवा. "सोल्डरिंग मावशीने करून दिलं, प्रोग्रॅममधलं तापमानाचं सूत्र मी घातलं" असं भाचीने सांगितलं, तेव्हा समोरच्या सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते पंधरा मिनिटं तिच्याशी बोलत बसले. ती संकुलाच्या प्रदर्शनापर्यंत गेली, जिल्ह्याला नाही गेली. त्या रात्री थोडं रडणं झालं, ते होऊ द्यावं.

बाजारात तयार मॉडेल विकत मिळतात, हे मला ठाऊक आहे. पालकांची अडचणही कळते, दोघं नोकरीला असतात, वेळ नसतो. पण विकत आणलेल्या मॉडेलपुढे मूल दिवसभर उभं असतं ते कोणी काही विचारू नये म्हणून देवाला विनवत. ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे की त्यापेक्षा शाळेला "यंदा नाही" असं कळवलेलं मला बरं वाटतं.

प्रदर्शन संपल्यावरची कामं: मागून आणलेलं सामान दुसऱ्याच दिवशी परत. परीक्षकांनी दाखवलेल्या उणिवा वहीत लिहायच्या, विसरायच्या आत. आणि मॉडेल माळ्यावर टाकण्याआधी त्याची खरी जागा कुठे आहे ते बघा. भाचीचा पाइप आणि सेन्सर आता सोसायटीच्या फाटकाशी बसवले आहेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये परवानगी घेऊन. महिन्यातून एकदा ती बादलीभर पाणी ओतून बघते, कोळ्याची जाळी काढते, आणि वॉचमनकाका खाली सही करतात. तुमचं मॉडेल कुठे लागणार नसेल आणि कपाटातच ठेवायचं असेल, तर आधी त्यातले सेल काढून ठेवा. ते पाझरतात आणि पुढच्या जूनपर्यंत सगळी पट्टी खाऊन टाकतात.